गटारात जगणारा गप्पी टाकीत का मरतो?

पावसाळ्यात डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महापालिकेची माणसं डबक्यांत, जुन्या विहिरींत, बंद पडलेल्या कारंज्यांच्या हौदांत गप्पी सोडतात आणि ते तिथे वाढतातही. त्यामुळे ‘गप्पी काय, कुठेही जगतो’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग दुकानातून रंगीत शेपट्यांच्या तीन जोड्या घरी येतात. आठवडाभर सगळं छान चालतं आणि एका सकाळी एक मासा तळाशी आडवा दिसतो. दोन दिवसांनी दुसरा. उरलेले शेपूट मिटून कोपऱ्यात. महिन्याभरात टाकी रिकामी होते, नवे मासे येतात, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे एकदाच झालं असेल तर मासे दुकानातूनच आजारी आले असतील, सोडून द्या. पण दोन-तीनदा झालं असेल तर माशांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष पाण्यात आहे. आणि बहुतेक घरांत पाणी बिघडतं ते आळसाने नव्हे, अति स्वच्छतेने.

डबक्याचं म्हणाल तर तिथे किती मेले ते कोणी मोजत नाही. शिवाय तिथे शेकडो लिटर पाण्यात मोजके मासे असतात, शेवाळ असतं, तळाला वर्षानुवर्षांचा गाळ असतो, आणि तो गाळ कोणी दर रविवारी घासून काढत नाही. डबक्यातला बारका, मळकट गप्पी आणि दुकानातला पंख्यासारख्या शेपटीचा गप्पी, जात एकच. पण दुसरा पिढ्यान् पिढ्या रंगासाठी निवडून वाढवलेला, तेवढा काटक नाही.

औषधाआधी कॅलेंडर बघा

मासा मेला की आपण दुकानात जातो आणि दुकानदार एक निळी बाटली हातात ठेवतो. ती पिशवीतच राहू द्या. आधी आठवा, मासे कधी मेले?

पाणी बदलल्यावर काही तासांतच मेले, तर क्लोरीन, किंवा तापमानात नाहीतर पीएचमध्ये (पाणी किती आम्ल ते सांगणारं माप; ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल) अचानक पडलेला फरक. संपूर्ण टाकी धुतल्यावर दोन-चार दिवसांनी मरायला लागले, तर अमोनिया, म्हणजे माशांच्याच घाणीतून साठणारं विष. टाकी नवी आहे आणि दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पडझड होते आहे, तर अमोनिया ओसरून आता त्यापासूनच होणारं दुसरं विष, नायट्राइट, चढलेलं असण्याची शक्यता जास्त. टाकी वर्षभराची आहे, पाणी क्वचितच बदललं जातं, जुने मासे ठीक आहेत पण नवा टाकला की दुसऱ्या दिवशी खलास, तर पाण्याचा पीएच खाली बसलेला आहे; जुने हळूहळू सरावले, नव्याला ते झेपत नाही. फक्त माद्याच जात असतील तर टाकीत नर किती आहेत ते मोजा.

एवढं आठवलं की अर्धं निदान झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी थेंब टाकून तपासायचा अमोनियाचा किट घ्या. पट्ट्यांपेक्षा तो जास्त भरवशाचा. छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, सांगितलेले थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. कडेने पोपटी झाक यायला लागली तरी सावध व्हा, आणि गडद हिरवं झालं तर मासे का गेले ते कळलं. रंग दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. रात्री पिवळ्या दिव्याखाली सगळंच पिवळं दिसतं आणि माणूस निश्चिंत होऊन झोपतो.

रविवारची धुलाई

प्रकार सगळ्या घरांत सारखाच असतो. मासे बादलीत, खडी बाथरूममध्ये पाइपखाली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळलेला, काचा घासून लख्ख. मग नळाचं पाणी काठोकाठ. संध्याकाळी टाकी इतकी स्वच्छ दिसते की पाहुण्यांना दाखवावी. बुधवारपासून मासे मरायला लागतात.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून सतत अमोनिया बाहेर पडतो. स्पंजवर, खडीवर, काचेवर राहणारे काही जिवाणू तो खाऊन त्याचं नायट्राइट करतात; दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, तिसरं बरंचसं निरुपद्रवी आणि पाणी बदलून कमी करता येणारं. ही वस्ती नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंजवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे, जिवाणूंची ही वस्ती बरीचशी त्यातच असते. नळाखाली तो धुतला की काही पाण्याच्या माऱ्याने जातात आणि काही क्लोरीनने. म्हणजे दर रविवारी तुमची टाकी नव्याने नवी होते. मासे मात्र तेवढेच आणि त्यांचं खाणंही तेवढंच.

यात एक फसवी गोष्ट आहे. धुतल्यावर एक-दोन दिवसांनी पाणी दुधाळ, धुरकट दिसायला लागतं. हे दुसऱ्याच प्रकारचे जिवाणू एकदम वाढल्याचं लक्षण, आणि काही केलं नाही तर ते आपोआप निवळतं. पण ‘पाणी खराब झालं’ म्हणून घरचे पुन्हा टाकी रिकामी करतात, आणि गाडी पुन्हा शून्यावर येते. काही घरांत हा खेळ वर्षभर चालतो.

निळ्या बाटलीचंही तेच. मिथिलीन ब्लू बुरशीवर चालतं, पण फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं. आजारी मासा वेगळ्या बादलीत किंवा टबात घेऊन तिथे द्या, मुख्य टाकीत नको. तिथे ओतलं तर काचेच्या जोडांमधलं सिलिकॉनही कायमचं निळं होईल, ते वेगळंच.

आत्ता मासे मरत असतील तर

खाणं दोन दिवस पूर्ण बंद. गप्पीला काही होत नाही, उपाशी मासा अमोनियाही कमी सोडतो. पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन घालवलेलं आणि हाताला टाकीइतकंच कोमट लागणारं असावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. किट पिवळा येईपर्यंत हेच करत राहा. फिल्टर चोवीस तास चालू, एअर पंप असेल तर तोही.

नायट्राइट चढलं असेल तर मासे पाण्यावर येऊन तोंड उघडतात, कल्ले भराभर हलतात, कारण रक्ताला प्राणवायू नेणं जमेनासं होतं. इथे साधं खडे मीठ कामाचं, लिटरला एक ग्रॅम. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शिरू देत नाही. गप्पी हे मीठ आरामात सोसतो. मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडं थोडं घाला. माशावर खडे पडू देऊ नका. टाकीत नाजूक झाडं असतील तर ती थोडी रुसतील.

एक धोक्याची गोष्ट. टाकी जुनी असेल, महिनोन् महिने पाणी बदललेलं नसेल, तर एकदम अर्धं पाणी बदलू नका. नळाचं पाणी मऊ (क्षार कमी असलेलं) असेल तर जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्लाला तोलून धरणारे क्षार, हळूहळू संपते. क्षारता संपली की पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतांश निरुपद्रवी रूपात राहतो. मग एके दिवशी तुम्ही उत्साहाने भरपूर ताजं पाणी ओतता, पीएच वर जातो आणि साठलेला अमोनिया जागा होतो. २६ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियातला शेकडा एकाहूनही कमी भाग विषारी असतो, पीएच ८ ला तोच सहा टक्क्यांच्या आसपास जातो. ‘पाणी बदललं की मासे मरतात, म्हणून मी बदलतच नाही’ असं म्हणणारी माणसं भेटतात, त्यांच्या टाकीत नेमकं हेच घडलेलं असतं. अशा टाकीत रोज दहा टक्के, आठ-दहा दिवस.

तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं?

गप्पी मूळचा व्हेनेझुएला, त्रिनिदाद आणि त्या आसपासच्या दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. (नाव पडलं रॉबर्ट जॉन लेकमियर गपी यांच्यावरून. त्यांनी त्रिनिदादहून पाठवलेल्या माशांचं १८६६ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांच्या नावाने बारसं झालं. पण विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ मध्येच याच माशाचं वर्णन केलेलं असल्यामुळे शास्त्रीय नाव पोसिलिया रेटिक्युलाटा टिकलं, आणि बोलण्यात गप्पी.) मचूळ पाणीसुद्धा हा मासा सोसतो. त्याला मानवतं ते क्षारयुक्त, किंचित जड पाणी, पीएच ७ ते ८.

आता आपल्याकडे बघा. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी, पुण्याला खडकवासल्याचं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस धरणात अडवलेला, म्हणजे मऊ पाणी. बोअरवेलचं त्यामानाने बरंच जड. ओळखायला प्रयोगशाळा नको. बादलीला, गिझरला, नळाच्या तोंडाला पांढरे थर बसत असतील आणि साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड, गप्पी खूश. थर बसतच नसतील तर मऊ. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी. आपल्याला शुद्ध ते माशाला शुद्ध, अशा मायेने काही जण तेच टाकीत भरतात. त्यात क्षार जवळपास उरलेलेच नसतात.

मऊ पाण्याचं लक्षण एकदा ओळखलं की विसरत नाही. मासा एका जागी राहून अंग डावी-उजवीकडे थरथरवतो, पुढे मात्र जात नाही. पर अंगाला चिकटलेले. खातो, पण हडकत जातो. दुकानात अनेकदा पाण्यात मीठ टाकलेलं असतं, तिथून थेट मऊ पाण्यात आलेल्या माशाचं हे हमखास होतं.

उपाय मासळी बाजारात मिळतो. तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी) खाऊन झाल्या की शिंपल्या टाकू नका. मांसाचा कण राहणार नाही अशा उकळा, ब्रशने घासा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मूठभर शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे ठेवा. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लाकडे झुकलं की ती थोडी विरघळते आणि पीएच सावरला की जवळपास थांबते, त्यामुळे प्रमाण चुकण्याची भीती कमी. फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतात. शाकाहारी घरांसाठी दुकानात पोवळ्याचा चुरा मिळतो, काम तेच. बोअरचं पाणी असेल तर यातलं काहीच नको.

क्लोरीनसाठी पसरट बादलीत पाणी चोवीस तास उघडं ठेवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा खडा) लावला तर उत्तम. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब. तुमच्याकडे पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असतील तर नुसतं ठेवून भागत नाही, थेंबच लागतात. आणि सोसायटीची टाकी धुण्याची नोटीस लिफ्टपाशी लागली की दोन-तीन दिवस पाणी बदलायला जाऊ नका. धुणारे ब्लीचिंग पावडर सढळ हाताने टाकतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हाही क्लोरीन जास्त असू शकतं.

मग टाकी साफ कशी ठेवायची?

आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी, नळीने तळाचा गाळ ओढून. बस. स्पंज महिन्यातून एकदा, आणि तोही टाकीतून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोन-तीनदा दाबायचा. बादली चहासारखी तपकिरी होईल, स्पंज मळकाच दिसेल. तसाच परत लावा. काचेवरचं शेवाळ समोरच्या बाजूचं पुसा, मागचं राहू द्या, पिल्लं ते चरतात.

खाणं दिवसातून दोनदा चिमूटभर, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात लहान मूल आणि आजोबा दोघंही असतील तर डबा उंचावर ठेवा. दोघंही ‘त्याला भूक लागली होती’ म्हणतात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद-उंच टाकीत खडी वगैरे जाऊन पन्नासेक लिटर पाणी राहतं. सुरुवात पाच-सहा गप्पींनी करा. गोल बाउल मला पटत नाही. त्यात ना फिल्टर बसतो, ना पाणी स्थिर राहतं. तो टेबलाची शोभा वाढवतो, माशाची नाही.

पिल्लं दिसली आणि गायब झाली

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि हिचं कारण सरळ आहे. आईनेच खाल्ली. गप्पी अंडी घालत नाही, साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिल्लं देतो, एका वेळी वीस-तीस सहज. दिवस भरले की मादीचं पोट समोरून बघितल्यावर चौकोनी दिसतं, शेपटीकडचा काळा डाग गडद होतो, आणि फिक्या रंगाच्या मादीत त्या डागात पिल्लांचे डोळे बारीक ठिपक्यांसारखे दिसतात. पिल्लू गुंडाळी केलेलं बाहेर पडतं, क्षणभर खाली जातं, उलगडतं आणि झाडाकडे सूर मारतं. झाड नसेल तर त्या क्षणभरातच संपतं.

दुकानातला प्लॅस्टिकचा ब्रीडिंग बॉक्स मी सुचवत नाही. मादी त्यात धडका घेते, ताणाने अर्धवट पिल्लं टाकते. त्यापेक्षा टाकीचा एक कोपरा गप्पी ग्रास, हायड्रिला नाहीतर जावा मॉसने गच्च भरा. सगळी वाचणार नाहीत, वाचायलाही नकोत. वाचलेल्यांना बोटांनी पीठ केलेलं खाणं दिवसातून तीन-चारदा. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण तांदळाच्या दाण्याएवढाच. पाणी नासवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. जमलं तर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. पाऊण-एक लिटरच्या बाटलीत, लिटरला २५-३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात, सतत हवा सोडून त्यांची अंडी ठेवली की २८ अंशांच्या आसपास चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. त्यावर पिल्लं वाढतात तशी कोरड्या खाण्यावर वाढत नाहीत.

माद्या मरण्याचं कारणही इथेच. एका नराला दोन-तीन माद्या हव्यात. जोडी-जोडीने घेतलेल्या टाकीत नर दिवसभर पाठलाग करतात, मादीला खायलाही उसंत मिळत नाही, आणि पिल्लं दिल्यावर ती खचते. नुसते नर ठेवले तरी टाकी सुंदर दिसते, आणि पिल्लांचा प्रश्नही मिटतो.

रंगाची खास जात सांभाळायची असेल तर तीन-चार आठवड्यांतच नर-मादी वेगळे करा. नराचा पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता होऊ लागतो, त्यावर नजर ठेवा. उशीर झाला तर गणित फसतं, कारण मादी शुक्राणू महिनोन् महिने साठवून ठेवते. म्हणूनच दुकानातून आणलेल्या मादीची पहिली काही पिल्लं तुमच्या देखण्या नराची नसतात, दुकानातल्या कुणा भलत्याचीच असतात. चार-पाच पिढ्या त्याच घरातल्या झाल्या की वाकडे कणे आणि खुरटी पिल्लं दिसू लागतात; तेव्हा बाहेरून नवा नर आणा.

उरलेलं थोडं

नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच-दहा मिनिटांनी वाटीभर टबाचं पाणी पिशवीत, असा तासभर. मासा जाळीने उचलून सोडा, दुकानाचं पाणी ओतून द्या.

पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी फार गार पडतं, पन्नास लिटरला पन्नास वॅटचा हीटर पुरतो. थंडीत अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले तर तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या, हवा वाढवा, औषध द्या, आणि ठिपके गेल्यावरही काही दिवस चालू ठेवा. अंगावर असताना त्या परजीवीला औषध लागत नाही, पाण्यात सुटा पोहताना लागतं. पण तोंडावर कापसासारखं पांढरं दिसलं तर गोष्ट वेगळी. तो बहुधा कॉलम्नॅरिस, जिवाणूंचा रोग, आणि उष्णतेने तो भडकतो. तिथे हीटर वाढवू नका. गुदद्वारातून लालसर धागे डोकावत असतील तर जंत आहेत, त्याला मीठ-निळं काही चालत नाही, पशुवैद्याकडून जंताचं औषध घ्यावं लागतं.

वीज तास-दोन तास गेली तर चालतं. गावाकडे सहा-आठ तासांचं भारनियमन असेल तर बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, स्पंजमधल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. बंद डब्याचा फिल्टर खूप वेळ बंद राहिला असेल तर चालू करण्याआधी आतलं पाणी फेकून द्या.

आणि हे सगळं जमलं की सहा महिन्यांत तक्रार उलटी होते: मासे फार झाले. जास्तीचे दुकानदाराला द्या, गच्चीवर कमळाचा टब असणाऱ्या शेजाऱ्याला द्या, डासांच्या अळ्या खाऊन ते तिथे मजेत राहतील. नदीत, तळ्यात मात्र सोडू नका. पोटात साठा घेऊन गेलेली एकच मादी तिथे नवी वस्ती उभी करायला पुरते.